पूजलेली बाजू

अण्णा, उद्या तुमचं तेरावं. तुमच्या नीलेशचा सकाळीच फोन येऊन गेला. "काका, पंगत अकराला बसंल, तुम्ही जरा लवकरच या." येतो म्हणालो. तुमच्या भजनी मंडळातल्या एकाने मला वर असंही सांगितलं की अण्णांवर पानभर लिहून द्या, फोटोखाली लावू. जन्म कुठला, शाळा कितवीपर्यंत, मळा केवढा, मागे कोण कोण. ते काम मी दुसऱ्या कोणावर तरी ढकललं. मला तुमच्याविषयी लिहायचं नाही, तुमच्याशी बोलायचं आहे. गेले तीन महिने आपलं रोजचं बोलणं होतं तरी केवढं? मी म्हणायचो, "एक हार." तुम्ही म्हणायचात, "घ्या." संपलं.

ज्यासाठी लिहायला बसलो ते आधी सांगून टाकतो, नाहीतर धीर जाईल. तुमचा आवाज गेला नव्हता. जानेवारीत गेला नव्हता आणि त्यानंतरही नाही. मी तुम्हाला तोंडावर सांगितलं होतं की गेला, आणि ते साफ चुकीचं होतं. खरा दोष मला सापडला तो तुम्ही गेल्यावर पाचव्या दिवशी.

आपली ओळख हारावरून झालेली. सुनीता गेल्यावर तिच्या फोटोला रोज ताजा हार घालायचं मी ठरवलं आणि पंचवटी कारंजाजवळ फुलांच्या पाट्या मांडून बसणाऱ्या तुमच्याकडे यायला लागलो. पहिल्याच आठवड्यात मी हार सहज नाकाशी नेला, तर तुम्ही केवढ्यांदा ओरडलात! "ओ साहेब, हुंगू नका. देवाचा हे तो." मी म्हणालो, "देवाचा नाही, बायकोचा आहे." तुम्ही माझ्या हातातला हार काढून घेतलात आणि दुसरा दिलात. "मंग तर नायच हुंगायचा," म्हणालात. पुढे मी देव मानत नाही हे कळल्यावर तुम्हाला चिडवायला कारणच मिळालं. "देव नाय म्हणणारं हे माझं एकच गिऱ्हाईक, अन् तेच एक दिवस चुकवत नाय," असं तुम्ही शेजारच्या नारळवाल्याला माझ्यादेखत सांगायचात. दिवसभरात माझ्याशी थट्टेने बोलणारे तुम्ही एकटेच होतात.

हार ओवताना तुम्ही गुणगुणायचात. मला वाटायचं भजन असेल एखादं. एकदा विचारलं तर लाजून म्हणालात, "आपलंच जोडेल हे काहीबाही." मग कळलं की मखमलाबादच्या मळ्यात फुलं खुडता खुडता तुम्ही जन्मभर पदं जोडत आलात आणि ती शाळेच्या वहीत लिहून ठेवलीत. 'हळू खुड गं, झेंडूला जाग नाही अजून' हे त्यातलं सगळ्यांत जुनं. लहानपणी फुलं ओढून तोडलीत की तुमची आई रागवायची, ते तुम्ही त्यात बसवलं होतंत.

आणि माझ्याकडे होतं रेकॉर्डिंगचं सामान. सातपूरच्या कारखान्यात तीस वर्षं मीटर आणि गेज दुरुस्त करून निवृत्त झालो, तेव्हा मुलगा म्हणाला, बाबा, स्वतःसाठी काहीतरी घ्या. मी माइक घेतला, स्टँड घेतला, हेडफोन घेतले, आणि माइकमधला आवाज लॅपटॉपमध्ये नेणारा तो डबा घेतला, त्याला इंटरफेस म्हणतात. सगळं जोडून झाल्यावर लक्षात आलं की घरात गाणारं कोणीच नाही. मी स्वतः गायलो तर सोसायटीची नोटीस आली असती. म्हणून तुम्हाला बोलावलं. तुम्ही आधी नको नको म्हणालात, आणि दुसऱ्याच दिवशी वही पिशवीत घालून इंदिरानगरला माझ्या दारात हजर झालात.

सुनीताच्या शिवणाच्या खोलीत आपण बस्तान बसवलं. भिंतींना गोधड्या टांगल्या, घुमू नये म्हणून. मधोमध स्टँडवर माइक, समोर तुमची खुर्ची. तुम्ही आत दार लावून गायचं, मी बाहेर हॉलमध्ये लॅपटॉपसमोर हेडफोन घालून बसायचं. मंगळवारी आणि शुक्रवारी, पाट्या आवरून झाल्या की दुपारी. स्क्रीनवर आवाजाची एक पट्टी असते, ती हिरव्यातून पिवळ्यापर्यंत चढली की आवाज भरपूर येतोय असं समजायचं. पहिल्या चारही पदांना ती पिवळ्याला जाऊन भिडत होती. मी आतून चहा आणायचो, तुम्ही बशीत ओतून प्यायचात, आणि आपण दोघं पुन्हा ऐकायचो. तुम्ही डोळे मिटून ऐकायचात आणि म्हणायचात, "हा कोण गातोय हो? बरा गातोय." त्या दोन महिन्यांत मी किती सुखात होतो ते मी तुम्हाला कधीच सांगितलं नाही.

मग खंडेनवमी आली. तुम्ही झेंडूचा घसघशीत हार, हळदकुंकू आणि आंब्याचा टाळा घेऊन आलात. आज यंत्रांची पूजा, म्हणालात. तुमच्या घरी विळे, कात्र्या, फवारणीचा पंप, सगळ्यांची झाली होती, आता माझ्या माइकची करायची होती. मी हसत सुटलो. "अण्णा, कुंकू लावून करंट वाढतो का? मग वीज मंडळाला कळवून टाका." माइकच्या जाळीखाली, जिथे कंपनीची खूण असते तिथे, बोटाने नीट कुंकू लावलंत, त्यावर हळद, आणि हात जोडलेत. माझी टकळी चालूच होती. जाताना तुम्ही एवढंच म्हणालात, "हसा साहेब, हसायला काय जातंय."

त्याच्या पुढच्या शुक्रवारपासून आवाज यायचा थांबला. अगदी थांबला असं नाही, पण पट्टी तळाशी नुसती थरथरायची. तुम्ही आत जीव तोडून गात होतात, दारामधून माझ्या नुसत्या कानांना ऐकू येत होतं, आणि हेडफोनमध्ये मात्र कोणीतरी शेजारच्या बिल्डिंगमध्ये गातंय असं वाटायचं. डब्यावरचं आवाज वाढवायचं बटण फिरवलं तर तुमच्याबरोबर बाकीचं सगळंच वाढायचं. पंखा, कुकरची शिट्टी, खालच्या भंगारवाल्याची आरोळी, आणि सगळ्याच्या मागे तव्यावर पाणी पडल्यासारखी चरचर.

मी म्हणजे दोष शोधण्यात आयुष्य घालवलेला माणूस. मला चेवच आला. वायर बदलली. नवी वायर आणली, तीही बदलली. माइकला लागणारा विजेचा पुरवठा मोजला, बरोबर होता. लॅपटॉपमधलं सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं. मुलाला व्हिडिओवर सगळं दाखवलं, त्याने नेटवर वाचून सांगितलं की गाणाऱ्याला जवळ सरकायला सांगा. तुम्ही जवळ सरकलात, काडीचा फरक पडला नाही. दर वेळी मी माइक स्टँडवरून काढून हॉलमध्ये टेबलावर आणायचो आणि त्यात बोलायचो, "हॅलो, एक, दोन, तीन." पट्टी टुणकन वर. मग पुन्हा नेऊन लावायचो, खूण तुमच्या खुर्चीकडे करून, जशी असायला हवी तशी. तुम्ही विचारायचात, "झाला का दुरुस्त?" मी हो म्हणायचो, तुम्ही दार लावून घ्यायचात, आणि पट्टी परत तळाला. दिवाळी झाली, थंडी पडली, तरी तेच. तुमची सात पदं अशी अर्धी मेलेली माझ्याकडे जमा झाली. त्यातलं सातवं झेंडूचं.

जानेवारीतला तो मंगळवार मला विसरता येत नाही. तुम्ही आधीच दमून आला होतात, आणि मी तुम्हाला झेंडूचं पद चार वेळा गायला लावलं. चौथ्यांदा पट्टी तशीच राहिली तेव्हा मी हेडफोन आपटून आत आलो.

"अण्णा, सगळं तपासून झालं. यंत्रात दोष नाही. आता एकच गोष्ट तपासायची राहिली."

"कोणती?"

"तुमचा गळा."

तुम्ही हसलात. तिथे थांबलो असतो तर थट्टेवारी गेलं असतं. पण मी चिडलेलो होतो आणि यंत्रापुढे हरलेलो होतो. मी म्हणालो, "हसू नका. दसऱ्यापर्यंत यंत्र हेच होतं आणि आवाज येत होता. बदललं काय? तुम्ही. सहासष्ट वय, पहाटेच्या थंडीत मळ्यात उभं राहायचं, गळ्याला मफलर नाही. तुमचा आवाज गेलाय, अण्णा. जो नाहीच तो मी कुठून आणू?"

तुम्ही वही मिटलीत. चष्मा खिशात घातलात. "आसं हे का," म्हणालात. मग खुर्ची उचलून नेहमीच्या जागी भिंतीला लावलीत, आपली खुर्ची आपण जागेवर ठेवायची ही तुमची सवय. दारात चपला घालताना म्हणालात, "तुम्ही सांगता म्हंजे आसंल साहेब." मी थांबवलं नाही. दोन दिवसांत येतील परत, असं मनाशी म्हणालो आणि त्या खोलीचं दार ओढून घेतलं.

तुम्ही आला नाहीत. मी मात्र हाराला रोज यायचो. एखाद्या दिवशी तुम्ही नेहमीसारखं टोचून बोलाल, मग मीही बोलेन, अशी वाट बघत. तुम्ही हार पानात बांधून द्यायचात, नीट, दोरा दोनदा गुंडाळून. गुणगुणणं मात्र बंद झालं होतं. आणि अण्णा, माझा कोडगेपणा बघा, मला त्यात पुरावा दिसला. बघा, म्हटलं, बसलाच आहे गळा, आता गुणगुणताही येत नाही यांना. तरी कधी कधी वाटायचं, म्हणावं की चला, चहा तरी घेऊ. शब्द ओठांवर यायचे आणि मागे कोणीतरी गिऱ्हाईक येऊन उभं राहायचं. गिऱ्हाईक नसायचं त्या दिवशी मी दुसरं काहीतरी कारण शोधायचो.

मग एका सकाळी तुमच्या जागेवर नुसत्या उलट्या ठेवलेल्या पाट्या होत्या. नारळवाल्याने सांगितलं. मळ्यात फुलांच्या क्रेटला टेकून बसलात ते उठला नाहीत.

पाचव्या दिवशी नीलेश माझ्याकडे आला. दशक्रियेला प्रवचनाच्या आधी अण्णांचंच एखादं पद स्पीकरवर लावू, म्हणाला. कोणतं, तर झेंडूचं. ते नेमकं बारीक आवाजातलं. मी म्हटलं, बघतो वाढवून. तो गेल्यावर तीन महिन्यांत पहिल्यांदा मी त्या खोलीचं दार उघडलं. गोधड्यांना कोंदट वास येत होता. तुमची खुर्ची भिंतीशी होती ती मी माइकसमोर ओढली आणि बसलो. त्या खुर्चीत मी कधी बसलोच नव्हतो. उगाच म्हणालो, "हॅलो, एक, दोन, तीन." आत जाताना रेकॉर्डिंग चालू ठेवलं होतं, ते बाहेर येऊन लावून पाहिलं. पट्टी तळाला. माझ्या आवाजाला. माझा आवाज तर काही गेला नव्हता.

पुन्हा आत गेलो, माइकसमोर उभा राहिलो, आणि मग दिसलं की मला कुंकू दिसत नाही. कुंकू पलीकडच्या बाजूला होतं, खिडकीकडे. हा माइक दोन्हीकडून सारखाच दिसतो, पण ऐकतो एकाच बाजूने, खुणेच्या. मागून बोलाल तर त्याला तुम्ही जवळजवळ नसताच. तुम्ही चार महिने त्याच्या पाठीशी गात होतात, आणि तो खिडकीतून सोसायटीची दुपार ऐकत होता. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांना मी पहिला धडा हाच द्यायचो, की स्क्रू खोलायच्या आधी बघा, वस्तू सरळ लावली आहे का. टेबलावर आणून तपासताना मी दर वेळी ती सरळ करत होतो आणि दर वेळी सरळच ठेवत होतो. मग ती उलटी कोण करत होतं?

सातव्या दिवशी मखमलाबादला आलो. ओटीवर माणसं होती. वहिनींना बाजूला विचारलं, अण्णा माझ्याकडे गायचे तेव्हा तो माइक फिरवून ठेवायचे का. वहिनी इतक्या दिवसांत प्रथमच हसल्या.

"फिरवायचे ना. दसऱ्याला पूजला व्हता ना त्यो. कुंकवाच्या तोंडावर थुंकी उडंल, म्हणून पाठीकडून म्हणायचे. गाताना तोंडातून उडतंच की. मी म्हनलं, सायबाला सांगा बाई. तं म्हनले, नको, त्यो हसंल."

हाराचं फूल जन्मभर हुंगलं नाहीत तुम्ही, पूजलेल्या वस्तूवर तोंड कसं घालाल? यात न कळण्यासारखं काय होतं? तुम्ही सांगितलं नाहीत, कारण मी हसलो असतो. आणि खरंच हसलो असतो, अण्णा. पण हसून झाल्यावर कुंकू दुसऱ्या बाजूला लावलं असतं आणि सगळं मार्गी लागलं असतं.

वहिनी पुढे बोलत राहिल्या. त्यांना वाटलं मी आठवणी गोळा करायला आलोय. "जानेवारीपासून मळ्यात पन गायचे नाय. मी म्हनलं, का वो? तं म्हनले, इंजिनियर म्हनला आवाज गेला. मी म्हनलं, मला तं चांगला लागतोय. तं म्हनले, तुला काय कळतं, त्यो तीस वर्सं मशिनीचे दोष काढनारा मानूस. त्यो म्हनला म्हंजे गेलाच." आणि रोज सकाळी ज्येष्ठमधाचा तुकडा दाढेत धरून तुम्ही खुडायला जायचात, असंही सांगितलं. मी चहा अर्धा ठेवून उठलो. माइकच्या पाठीचं काय झालं ते त्यांना सांगायला माझी जीभच उचलली नाही.

दशक्रियेच्या सकाळी गोदाकाठी माणूस बरंच जमलं होतं. एकीकडे न्हावी, भटजी, पिंडाची तयारी, दुसरीकडे मंडपात महाराजांची बैठक. नीलेशने तुमचं पद लावलं. दिवसभर बसून मी ते होईल तेवढं वाढवलं होतं, पण पाठीमागून धरलेला आवाज तो, त्याला मुळात अंगच नव्हतं. कुकर, भंगारवाला, पंखा, आणि त्या सगळ्याच्या पलीकडे तुम्ही. दसऱ्याआधीचं एखादं खणखणीत पद देता आलं असतं, पण मग का ते सांगावं लागलं असतं. लोक कान देऊन ऐकत होते. माझ्या पुढ्यात बसलेले तुमच्याच वयाचे एक फेटेवाले शेजाऱ्याकडे झुकून म्हणाले, "शेवटी शेवटी लय बारीक झाला व्हता आण्णाचा आवाज." शेजाऱ्याने मान हलवली. "व्हय. वय झालं."

त्या क्षणी मी ठरवलं. हे आता एवढ्या माणसांत पसरणार, अण्णाचा आवाज गेला होता म्हणून, आणि ते मी पसरवलं होतं. चारचौघांत सांगायचं. पिंड मांडला की कावळा चटकन येत नाही, हे मी त्या काठावर सुनीताच्या वेळी पाहिलं होतं, पाऊण तास. मग घरचे एकेक पुढे होऊन हात जोडतात, मनात राहिलं असेल ते बोलून दाखवतात. मी यातलं काही मानत नाही. पण त्या दिवशी मी चप्पल काढून, सगळ्यांच्या पुढे, नीलेशच्या मागे जाऊन उभा राहिलो. वाक्य तयार होतं. अण्णा, तुमचा आवाज उत्तम होता, माइक उलटा होता, आणि तपासायचं माझं काम होतं. आधी मुलगा बोलेल, मग वहिनी, मग मी. आता बोलायला मिळणार म्हणून हलकं वाटत होतं, तीन महिन्यांत प्रथमच.

भटजी पिंड ठेवून मागे सरले, त्यांचा हातसुद्धा अजून पुसून झाला नव्हता, आणि कावळा शिवला.

माणसांतून एकच हुंकार गेला. "सुटला बिचारा." "काय राहिलं नव्हतं त्याचं मागं." वहिनींनी पदर डोळ्यांना लावला, नीलेशने खाली बसून नमस्कार केला, आणि बघता बघता सगळे मंडपाकडे वळले. मी तोंड उघडून तसाच उभा. कोणीतरी माझ्या खांद्याला हात लावून म्हणालं, चला साहेब, चांगलं झालं.

सगळे म्हणतात तुमच्या मनात काही उरलं नव्हतं. असेल तसं. मला दुसरंच वाटतं. माइक फिरवलात तो मला न सांगता, मला दुखवायचं नाही आणि स्वतःचं हसं करून घ्यायचं नाही म्हणून. आणि परवाही तुम्ही तेच केलंत. मला एवढ्या माणसांत मान खाली घालावी लागू नये, म्हणून घाई केलीत. पण मला ती घालायची होती, अण्णा. तेवढ्यासाठी तरी थोडं थांबायला हवं होतंत.